लिहायला वेळ मिळाला तो मेट्रोत

घरी संध्याकाळी लिहिणं जमेचना: मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, स्वयंपाक. पहाटेही डबे आणि पाणी भरणं असतंच. शेवटी लोकमान्य नगर ते सीताबर्डी हा मेट्रोचा प्रवास लिखाणाला दिला. मे महिन्यात नागपूरचा पारा कधीकधी ४५ अंशांपुढे जातो, पण डब्यात गारवा असतो. मोबाईल पिशवीत, हातात छोटी वही. सीताबर्डीच्या आधीचं झाशी राणी स्टेशन आलं की वाक्य अर्धंच सोडते आणि पुढे काय लिहायचं ते समासात दोन शब्दांत टिपते. खरा फरक यानंच पडला. दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधत बसावं लागत नाही. रविवारी दुपारी सगळे कूलरसमोर झोपले की वहीतलं टाइप करते. ती दुपार माझी, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे.