फाईलमध्ये सगळं बरोबर, आणि काका जमिनीवर

न्यूरो फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून मी हालचालींच्या विकारांच्या ओपीडीत रुजू झाले, तेव्हा डोक्यात चित्र होतं पक्षाघाताच्या पेशंटचं. व्यायाम द्यायचे, दर महिन्याला थोडी सुधारणा मोजायची. इथे ते चित्र आठवड्याभरात पुसलं गेलं. एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी), पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी), हंटिंग्टन, अटॅक्सिया हे हालचाल आणि तोल बिघडवणारे मेंदूचे आजार वाढतच जातात. आज जमणारं सहा महिन्यांनी जमेलच असं नाही.

माझी पहिली मोठी चूक सांगते. साठीतले एक काका, आजार मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी. यात हालचाली बिघडतातच, शिवाय रक्तदाब आणि लघवी सांभाळणारी यंत्रणाही ढेपाळते. काका उठले की घेरी येऊन पडायचे. मी तोलाचे व्यायाम वाढवले. पडणं काही थांबेना.

शेवटी सगळी फाईल घेऊन बसले. गिळण्याच्या थेरपिस्टने ठसका लागतो म्हणून पाणी घट्ट करून द्यायला सांगितलेलं. ते बुळबुळीत पाणी काकांना नको वाटायचं, म्हणून दिवसभरात जेमतेम तीन पेले. रात्री लघवीला उठावं लागतं, म्हणून पाच वाजल्यानंतर तेही बंद. काकूंना बीपी, म्हणून घरात सगळ्यांचाच स्वयंपाक अळणी (हे फाईलमध्ये नव्हतं, काकूंनी बोलता बोलता सांगितलं). त्यातच अंगाचा ताठरपणा कमी व्हावा म्हणून लेव्होडोपाचा डोस वाढवलेला, आणि त्या गोळीनेही उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं. ज्याने त्याने आपापल्या जागी बरोबरच केलं होतं.

काकांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, मग उभं करून तीन मिनिटांनी. वरचा आकडा १३८ वरून ९२. वीसने उतरला तरी दखल घ्यायची असते. आणि मी त्यांना एका पायावर उभं करत होते!

त्या दुपारी आम्ही सगळे काकूंसकट एका टेबलाशी बसलो. डॉक्टरांनी डोस खाली आणला आणि मिठाची मुभा दिली. पाण्याचा वाटा थोडा नाचणीच्या आंबिलीवर गेला. ती मुळातच दाट, आणि काकांच्या आवडीची. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा आल्या. पडणं पूर्ण थांबलं नाही, कमी झालं. मिठाचा सल्ला मात्र आपल्या मनाने देऊ नका. याच पेशंटांचं बीपी आडवं झाल्यावर चढू शकतं.

तेव्हा नवीन असाल तर पहिला महिना आपल्या टेबलापेक्षा शेजारच्या टेबलावर जास्त बसा. समाजसेवा विभागात तर नक्कीच. दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद, रजा, रात्रीची आया हे सगळं तिथे कळतं, आणि तुमचा व्यायाम घरी होणार की नाही हेही तिथेच ठरतं. हंटिंग्टनच्या कुटुंबाशी बोलताना जपून. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलांच्या तपासणीचा विषय कॉरिडॉरमध्ये काढू नका, जेनेटिक समुपदेशकावर सोडा.

पीएसपीचं वेगळंच. १९६४ साली टोरांटोच्या तीन डॉक्टरांनी वर्णन केलेला हा आजार. पेशंट लवकरच मागच्या मागे पडायला लागतो, आणि नजर खाली वळेनाशी होते. ताटातलं दिसत नाही, मग शर्टावर वरण सांडतं आणि घरचे म्हणतात, हल्ली लक्षच नसतं यांचं. ताट उंच स्टुलावर ठेवलं की निम्मा वाद मिटतो.

अशाच एका आजोबांचं बोलणं अस्पष्ट झालं, तेव्हा आम्ही अक्षरांचा तक्ता केला. मोठी अक्षरं, पाच ओळी, एकाखाली एक. आजोबा वरच्या दोन ओळींतच अडकायचे. बुद्धी मंदावली असेल, असं आम्ही नोंदवणारच होतो. आजी म्हणाल्या, "अहो, खालचं दिसतंय कुठे त्यांना?" ऑक्युपेशनल थेरपिस्टने तिथेच कात्री घेतली, पाच ओळींच्या पट्ट्या कापल्या आणि डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला आडव्या, एकीपुढे एक चिकटवल्या. आजोबांनी सावकाश बोट फिरवलं: च, हा.