जुने वेस्टर्न कसे पाहावेत: कमी पैशांत चित्रपट करणाऱ्यांसाठी

स्वतःच्या आणि मित्रांच्या खिशातून चित्रपट करणाऱ्याने वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या घोडेस्वारांचे आणि बंदूकधाऱ्यांचे चित्रपट, पाहायला कोठून सुरुवात करावी, असे विचारले की बहुतेक जाणकार जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’चे (१९५६) नाव घेतात. तो चित्रपट थोर आहे, याबद्दल माझा वाद नाही. परंतु मॉन्युमेंट व्हॅली या अमेरिकेतल्या वाळवंटी भागातले अवाढव्य सुळके आणि व्हिस्टाव्हिजन या चित्रीकरण पद्धतीच्या मोठ्या निगेटिव्हमधून आलेला तो झळाळ पाहून नवखा माणूस इतका दिपतो की दिग्दर्शकाने नेमके काय केले, हे त्याला दिसेनासे होते. म्हणून तो चित्रपट काही काळ बाजूला ठेवावा आणि त्याच वर्षीचा ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’ आधी लावावा.

बड बेटिकरने दिग्दर्शित केलेला आणि बर्ट केनेडीने लिहिलेला हा चित्रपट अवघ्या ७८ मिनिटांचा आहे. त्याची निर्मिती ‘द सर्चर्स’चा नायक जॉन वेन याच्याच कंपनीने केली, पण वेन त्या चित्रपटामध्ये गुंतलेला असल्यामुळे नायकाची भूमिका रँडॉल्फ स्कॉटकडे गेली. पुढे कित्येक वर्षे हा चित्रपट सहजी पाहायला मिळत नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील चित्रपट संग्रहालयाने तो नीट करून पुन्हा उजेडात आणला.

पहिल्यांदा तो वही हातात न घेता, सलग पाहावा. दुसऱ्यांदा फक्त सुरुवातीचा प्रसंग घ्यावा आणि तो पुनःपुन्हा पाहावा. रात्र आहे, पाऊस कोसळतो आहे, आणि कपारीच्या आडोशाला शेकोटीपाशी बसलेल्या दोघांकडे एक भिजलेला माणूस येतो. ते त्याला कॉफी देतात. बोलता बोलता एका गावातल्या दरोड्याचा आणि खुनाचा विषय निघतो. खुनी सापडले का, असे विचारल्यावर पाहुणा सांगतो की त्यांतले दोघे सापडले. त्यानंतर कॅमेरा बाहेरच्या घोड्यांकडे जातो आणि आपल्याला गोळ्यांचे फक्त आवाज ऐकू येतात. येथे थांबून वहीत एकच गोष्ट लिहावी: या प्रसंगाला काय काय लागले असेल? तीन नट, थोडी आग, पावसाचे पाणी, घोडे आणि ध्वनिपट्टीवरचे दोन-चार आवाज. माझ्या पहिल्या लघुपटात मी एका मारामारीवर पूर्ण दोन दिवस आणि शिल्लक होते तेवढे पैसे घालवले, आणि संकलनाच्या टेबलावर तो सगळा भाग काढून केवळ बंद दारामागचा आवाज ठेवावा लागला. हा प्रसंग आधी पाहिला असता तर ते दोन दिवस वाचले असते.

याच चित्रपटातला छपराच्या गाडीतला कॉफीचा प्रसंग आवाज बंद करून पाहावा. चौघे जण गुडघ्याला गुडघा लावून बसले आहेत, आणि नट ली मार्व्हिनचे पात्र एका नवरा-बायकोची गोष्ट अशा रीतीने सांगतो की ती समोर बसलेल्या जोडप्याचीच आहे, हे सर्वांना कळते. कॅमेरा बोलणाऱ्यावर किती वेळ राहतो आणि ऐकणाऱ्यांवर किती, हे घड्याळ लावून मोजावे. आवाज नसतानाही अपमान नेमका कोणाचा होतो आहे, हे चेहऱ्यांवरून कळते. आपल्या संवादप्रधान दृश्यांना हीच कसोटी लावून पाहावी, म्हणजे पटकथेतली किती वाक्ये फुकट आहेत ते समजेल.

त्यानंतर बेटिकर, केनेडी आणि स्कॉट यांचाच ‘राइड लोनसम’ (१९५९) घ्यावा. येथे प्रत तपासणे फार महत्त्वाचे आहे, कारण हा सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीतला चित्रपट असून दूरचित्रवाणीसाठी कडा छाटलेल्या प्रतीत रुंद चौकटीच्या टोकाला उभा असलेला माणूस सरळ गायब होतो. लांबीही जुळवून पाहावी. ती ७३ मिनिटांच्या आसपास असायला हवी. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळचे खडक बेटिकरने चित्रपटामागून चित्रपटात वापरले, तरी जागा शिळी वाटत नाही. एका कागदावर पात्रे, घोडे आणि खडक यांचा साधा नकाशा काढत गेल्यास यामागचे कारण हाती लागते: प्रत्येक वेळी कोण उंचावर आहे आणि कोण उघड्यावर, हे तो बदलतो.

खऱ्या अर्थाने हलाखीत केलेले काम पाहायचे असेल तर दिग्दर्शक माँटी हेलमनचे ‘द शूटिंग’ आणि ‘राइड इन द व्हर्लविंड’ हे दोन्ही (१९६६) एकापाठोपाठ पाहावेत. ते युटाच्या वाळवंटात लागोपाठ, नैसर्गिक उजेडावर चित्रित झाले. नट जॅक निकल्सन दोन्हींत आहे आणि दुसऱ्याची पटकथाही त्याचीच आहे. एकाच प्रवासखर्चात दोन चित्रपट उरकण्याचा हा हिशेब आजही चालण्यासारखा आहे. ज्यांना बाह्यचित्रीकरण परवडतच नाही, त्यांनी विल्यम वेलमनचा ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’ (१९४३) पाहावा. ७५ मिनिटांच्या या चित्रपटातली बरीचशी रात्र स्टुडिओत उभी केलेली आहे, आणि तो बंदिस्तपणा संशयितांना फाशी द्यायला निघालेल्या जमावाच्या गोष्टीला पोषकच ठरतो. ‘हाय नून’ या नावाजलेल्या वेस्टर्नबद्दल मात्र माझे मत जरा वेगळे आहे: दुपारी बारा वाजण्याची वाट पाहायला लावणारी घड्याळाची युक्ती पहिल्यांदा पकड घेते, परंतु दुसऱ्यांदा पाहताना शिकण्यासारखे तुलनेने कमी उरते.

हे चित्रपट पाहताना अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना किती वाक्ये आणि किती जवळचे शॉट मिळाले, याचीही नोंद ठेवावी. फोर्डने मॉन्युमेंट व्हॅलीतल्या नॅव्हाहो जमातीच्या लोकांना कोमांची आणि अपाची या दुसऱ्याच जमातींचे म्हणून उभे केले. ते कौशल्याच्या कौतुकात झाकले जाऊ नये.

एवढे झाल्यावर ‘द सर्चर्स’ लावावा. आता लक्ष सुळक्यांकडे न जाता पहिल्या आणि शेवटच्या शॉटमधल्या दाराकडे जाईल. काळोखी खोली, उघडे दार आणि बाहेर उन्हात उभा असलेला माणूस, एवढ्यावर तो शेवटचा शॉट उभा आहे. घरी करून पाहायचा असल्यास प्रकाशमापन बाहेरच्या उन्हाचे करावे आणि खोली काळी पडू द्यावी.