आधी टायटर, मग बूस्टर

जनरल नर्सिंगची नवी बॅच वॉर्डात पाठवायच्या आधी माझ्या टेबलावर लसीकरण कार्डांचा ढीग लागतो. घडीवर फाटलेली, हळदीचे डाग पडलेली. इन्फेक्शन कंट्रोलचं काम माझ्याकडे असल्यामुळे ती वाचायची पाळी माझीच. सोबत आलेल्या आईचा प्रश्नही ठरलेला: "मॅडम, हेपॅटायटिस बी चा एक बूस्टर मारूनच टाका ना!"

मारत नाही. आधी कार्ड बघते. सरकारी लसीकरणात ही लस देशभर आली 2011 च्या सुमारास. त्यामुळे आजच्या अठरा-वीसच्या पोरांपैकी काहींनी ती खासगी डॉक्टरकडे घेतलेली असते, काहींची राहूनच गेलेली असते. "घेतलीच असेल" हा पुरावा नाही. कार्ड नसेल, कुठे नोंदही सापडत नसेल, तर पहिल्यापासून तीन डोस घ्यायचे: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. मधला डोस चुकला तर राहिलेला घ्या, पुन्हा पहिल्यापासून नको.

कोर्स पूर्ण झालेला असेल तर लॅबमध्ये 'अँटी-एचबीएस टायटर' मागा, म्हणजे रक्तात संरक्षण देणाऱ्या अँटिबॉडी किती आहेत ते मोजणारी टेस्ट, आणि आकड्यात मागा. मागच्या बॅचमधली एक मुलगी हसत हसत 'निगेटिव्ह' रिपोर्ट घेऊन आली. बघते तर एचबीएसएजीचा, म्हणजे रक्तात विषाणूचा अंश शोधणाऱ्या टेस्टचा. तिने काउंटरवर नुसतं "हेपॅटायटिस बी ची टेस्ट" सांगितलं होतं. त्या टेस्टने आजार आहे का ते कळतं, संरक्षण आहे का ते नाही. पुन्हा सुई, पुन्हा पैसे, पुन्हा रुसवा.

टायटर 10 (mIU/ml) किंवा त्याच्या वर असेल तर कागद फाईलला लावा, विषय संपला. तान्हेपणी लस घेतलेल्यांचा आकडा या वयात 10 च्या खाली दिसला तर घाबरू नका. रक्तातल्या अँटिबॉडी ओसरतात, पण शरीराची आठवण बहुधा शाबूत असते. म्हणूनच कॉमर्स शिकणाऱ्या धडधाकट पोराला ना टायटर लागतो ना बूस्टर. आमच्या पोरांना लागतो, कारण रोज सुया हाताळायच्या. घरात कुणी एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल, किंवा डायलिसिस चालू असेल, तर आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

आकडा 10 च्या खाली आला की एकच डोस, मोठ्या माणसाचा, म्हणजे बहुतेक कंपन्यांचा 1 मिली. दंडातच घ्या. कमरेखाली सुई चरबीत राहते आणि लस नीट लागत नाही. मेडिकलमधून व्हायल आणणार असाल तर बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवा. ही लस गोठली की वाया गेली. टोचण्याआधी सिस्टर व्हायल हलवतात का बघा. तळाशी बसलेला पांढरा थर मिसळून पाणी एकसारखं दुधाळ व्हायला हवं.

मग एक ते दोन महिन्यांनी पुन्हा टायटर. नेमका हाच टप्पा सगळे विसरतात, म्हणून मी तारीख त्यांच्याच मोबाईलमध्ये टाकून घेते. बहुतेकांचा आकडा तोवर चांगला वर गेलेला असतो. नसेल तर आणखी दोन डोस घेऊन कोर्स पुरा करायचा, परत तपासायचं. तरीही नाही चढला, तर एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (आधी कधी लागण झाली होती का ते सांगणारी टेस्ट) करून डॉक्टरांना भेटायचं. आणि डोसनंतर पहिले तीन आठवडे एचबीएसएजी करू नका, लसीतल्याच अंशामुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

एवढी कटकट का? नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्री अडीचला, टोपण परत लावताना सुई माझ्याच बोटात गेली. पेशंट पॉझिटिव्ह. लस घेतलेली, पण टायटर कुणी कधी काढलाच नव्हता. साबण-पाण्याने बोट धुतलं (पिळू नका!) आणि इन्चार्जना उठवलं. इम्युनोग्लोबुलिन, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन, शक्यतो 24 तासांत घ्यावं लागतं, त्यासाठी माझा भाऊ पहाटे तीन मेडिकल पालथी घालत फिरला. पुढे टायटर आला भरपूर, म्हणजे त्या इंजेक्शनची गरजच नव्हती.

आता पोरांच्या आयकार्डामागे मी पांढरी पट्टी चिकटवते. वर टायटर, खाली तारीख, बॉलपेनने. त्यावर सेलोटेप, नाहीतर सॅनिटायझरने आठवड्यात पुसलं जातं.