मालगाडी वाक्यं सुधारायला शिकवताय? या चुका टाळा

सहावी-सातवीच्या निबंधात मालगाडी असतेच, म्हणजे पूर्णविराम न देता लांबत गेलेलं वाक्य, डब्याला डबा जोडलेला आणि गार्डचा डबा थेट पानाच्या तळाशी. त्याचं काही नाही, मुलं बोलतात तशीच लिहितात (मी पण). वैताग येतो तो आपण त्यावर जे उपाय सांगतो त्यांचा.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे "श्वास घ्याल तिथे पूर्णविराम द्या". खोटं कशाला बोलू, मीही सांगायचे. एका वर्षी सातवीत कबड्डी खेळणारा एक पोरगा होता, त्याने सहलीचा अख्खा निबंध एका दमात वाचला आणि म्हणाला, "बाई, मला श्वास लागलाच नाही." रेडला 30 सेकंद कबड्डी-कबड्डी म्हणणारा तो, त्याला कुठला पूर्णविराम! शेजारच्या मुलीला सर्दी झालेली, तिचं झालं "आम्ही रायगडला. गेलो तिथे. रोपवे होता." तेव्हापासून तो नियम बंद.

आता मी क्रियापदाला पेन्सिलने गोल करायला लावते आणि एवढंच विचारते, काम पुरं झालं की लटकलंय? "गेलो", "खाल्ले" पुरं, तिथे थांबता येतं. "जाऊन", "खाल्ल्यावर" लटकलेलं, तिथे पूर्णविराम दिलात तर बघा. आठवडाभर नुसते गोलच, पूर्णविराम नाही. नव्या शिक्षकांना पहिल्याच तासाला वर्कशीट वाटायची घाई असते, त्यात मुलं अंदाजे टिंबं टाकून मोकळी होतात.

दुसरी चूक, नुसतं कापायला शिकवणं. "सर आले. शिट्टी वाजवली. आम्ही पळालो." ही काय तार करायची आहे का? जोडायलाही शिकवा, पण इथे खड्डा आहे. "सर शिट्टी वाजवून आम्ही पळालो" असं हमखास येतं. वाजवणारे सर, पळणारी मुलं, मग "वाजवून" चालत नाही, "सरांनी शिट्टी वाजवल्यावर आम्ही पळालो" पाहिजे. दोन्ही कामं एकाच माणसाची असतील तरच "वाजवून", उदा. "सर शिट्टी वाजवून निघून गेले". हे मी दोन पोरांना फळ्यापुढे उभं करून, खरी शिट्टी देऊन शिकवते, शेजारच्या वर्गाने बोंब मारली तरी.

"आणि" दिसला की कापा असंही सांगू नका, "आई. बाबा." असं लिहून आणतात. पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम टाकला तर ती मालगाडीच, फक्त रंगवलेली.

आणि लाल पेनने तुम्ही स्वतः पूर्णविराम टाकू नका हो, वही परत द्या, समासात नुसतं "3 गोल राहिलेत" एवढं लिहा.