पीएलसींचा संवाद तुटतोय? आधी ओहम मोजा

जालन्यातल्या रोलिंग मिलमध्ये मोठी मोटर सुरू झाली की दोन पीएलसींमधला (मशीन चालवणारे कंट्रोलर) आरएस-४८५ संवाद (ए आणि बी या दोन तारांवरून होणारी डेटाची देवाणघेवाण) तुटतो आणि खापर प्रोग्रॅमवर फुटतं. लॅपटॉप उघडण्याआधी मल्टिमीटर काढा. सगळ्या पॅनलचा सप्लाय बंद करून ए आणि बी तारांमध्ये रेझिस्टन्स मोजा. केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल परत उसळू न देणारा रेझिस्टर, असतो; म्हणून साधारण ६० ओहम हवेत. १२० आले तर एका टोकाचा टर्मिनेटर गायब. ४० आले तर मधल्या एखाद्या पॅनलमध्ये तिसरा जोडलेला आहे. हा तिसरा हमखास सापडतो, कारण मॉड्यूलवरचा टर्मिनेटरचा इवलासा स्विच नकळत ऑन राहिलेला असतो. केबलच्या शील्डला (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाला) अर्थिंग एकाच टोकाला द्या. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलपासून निदान ३० सेंमी लांब राहा. ओलांडावीच लागली तर काटकोनातच.