घरचा हॅम अँटेना: मराठवाड्यातल्या गच्चीसाठी आणि अंगणासाठी

हॅम रेडिओचं, म्हणजे हौस म्हणून स्वतःचं वायरलेस केंद्र चालवायचं, लायसन्स हातात पडलं की निम्मे लोक रेडिओच्या किमती बघायला लागतात आणि उरलेले वेल्डरकडे टॉवरची चौकशी करायला जातात. टॉवरची घाई करू नका. आपल्याकडे पहिला अँटेना तारेचाच बांधावा, नऊ-दहा मीटरवर टांगावा, त्याला एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढू द्यावा. लोखंडावर पैसे घालायचे की नाहीत, ते मग ठरवावं.

यामागे कंजूषपणा नाही. ४० मीटर बँडवर, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये, कमी उंचीवरचा डायपोल (दोन सारख्या बाजूंचा, मध्यात केबल जोडलेला तारेचा अँटेना) आपली बरीचशी शक्ती वरच्या दिशेनं सोडतो. दिवसा ती आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परतून तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात उतरते. लातूरहून पुणे, सोलापूर, नांदेड, हैदराबाद हे सगळं त्यात येतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला तशी वेळ पुन्हा आली, तर ब्राझील ऐकू येऊन उपयोग नाही, सोलापूर लागलं पाहिजे. त्यासाठी नऊ मीटर उंची पुरते.

जागा बघताना आधी वर बघा

गल्लीतून गेलेल्या उघड्या तारा, शेताच्या कडेची ११ केव्हीची लाईन, शेजाऱ्याच्या घराला ओढलेली सर्व्हिस वायर हे सगळं नीट बघून घ्या. खांबाच्या उंचीच्या किमान दीडपट अंतर विजेच्या कुठल्याही तारेपासून हवं. खांब कुठल्याही बाजूला आडवा झाला तरी तारेला लागता कामा नये, हा हिशेब. अँटेनाची तार लाईनच्या वरून किंवा खालून न्यायचा विचारही करू नका. तेवढी जागा मिळत नसेल तर खांब आखूड करा. चिकलठाणा, नांदेड किंवा लातूरच्या विमानतळाजवळ राहत असाल तर उंचीचे निर्बंध आधी विचारून घ्या.

आता घर. एकमजली स्लॅब असेल तर काम सोपं. जीआय पाईपची पूर्ण लांबी सहा मीटर येते, गच्ची साडेतीन मीटरवर, झाले साडेनऊ. पाईपवर निळा पट्टा म्हणजे मध्यम जाडी, तो घ्या. पिवळ्या पट्ट्याचा हलका असतो, वाऱ्यात वाकतो. पुढच्या मजल्यासाठी सोडलेले कॉलमचे ठोकळे गच्चीवर असतील तर खांब त्यातल्या एकाला दोन ठिकाणी क्लॅम्पनं आवळा. विटांच्या कठड्याला मात्र बांधू नका, वारा सुटला की कठड्यासकट खाली येईल.

माळवदाच्या घरावर खांब उभाच करायचा नाही. मातीच्या थराला एक भोक पडलं की पहिल्या पावसात घर गळतं, आणि जुन्या तुळयांना तणाव्यांचा (खांबाला चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या दोरांचा) ताण सोसत नाही. अशा घरी खांब अंगणात रोवा, किंवा दारातला लिंब वापरा. लिंबाला तार बांधायची तर घट्ट गाठ नको. फांदीला कप्पी बांधा, दोरी कप्पीतून खाली सोडा आणि टोकाला पाच लिटरचा अर्धा वाळू भरलेला डबा लटकवा. झाड वाऱ्यात डोललं किंवा वानरांनी उड्या मारल्या की डबा वर-खाली होतो, तार तुटत नाही. पत्र्याचं घर असेल तर तार पत्र्यापासून जितकी वर ठेवता येईल तितकी ठेवा, आणि टोकं पत्र्याला टेकू देऊ नका.

तार कापणे आणि जुळवणे

सूत्र सोपं आहे: १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा, डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १०.०७. पण कापताना प्रत्येक बाजू १०.४० मीटरची ठेवा. घरच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर उत्तम चालते. तिच्यावरच्या पीव्हीसीमुळे लागणारी लांबी दोन-तीन टक्के कमी भरते, म्हणजे कमी करायला जागा आपोआप राहते.

मधला तुकडा आणि टोकाचे इन्सुलेटर विकत आणायची गरज नाही. भाजी कापायच्या जाड नायलॉनच्या पाटाचा तुकडा मध्यभागी चालतो. टोकांना पीव्हीसी पाईपचे बोटभर तुकडे घ्या. ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या काळ्या नळीचे तुकडेही चालतात, ती नळी मुळातच उन्हासाठी बनवलेली असते. दोरी मात्र चांगली घ्या, पॉलिएस्टरची. साधी प्लास्टिकची दोरी बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात एका मोसमात भुगा होते, आणि नायलॉन पावसात ताणतो.

मध्यभाग खांबाच्या टोकाशी, दोन्ही बाजू खाली उतरत्या, मधला कोन साधारण १२० अंश. याला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात. टोकं तीन-चार मीटरवर राहतात, आणि एकूण सतरा-अठरा मीटर मोकळी जागा लागते. टोकं कुणाच्या हाताला लागता कामा नयेत. प्रसारण चालू असताना तिथे सर्वाधिक व्होल्टेज असतं आणि चटका बसतो.

मध्यापासून रेडिओपर्यंत ५० ओमची आरजी-५८ किंवा आरजी-२१३ जातीची केबल न्या. केबल जिथे अँटेनाला जोडली जाते तिथे लगेच चोक करा: फेराइटच्या रिंगमधून केबलचे दहा-बारा वेढे. रिंग मिळाली नाही तर चार-पाच मीटर केबलची सहा-सात वेढ्यांची गुंडाळी करून टायनं घट्ट बांधा. चोक नसेल तर केबलच अँटेनासारखी वागते आणि घरातल्या एलईडी दिव्यांचा कचरा रेडिओत ओढून आणते.

आता जुळवणी. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) जवळ असेल तर उत्तम, नाहीतर एसडब्ल्यूआर मीटर आणि कमी पॉवर. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. समजा सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर ६.८८ मेगाहर्ट्झवर दिसला. तार लांब आहे. १०.४० ला ६.८८ नं गुणा, ७.१ नं भागा, उत्तर १०.०८. प्रत्येक बाजूची बत्तीस सेंटीमीटर कमी करायची. पण एकदम नाही, आणि कात्रीही नाही. आधी वीस सेंटीमीटर तार मागे दुमडून स्वतःभोवतीच पिळा, वर ओढा, मोजा. नंतर बारीक हिशेब असा: प्रत्येक बाजू दीड सेंटीमीटर कमी केली की अँटेना साधारण १० किलोहर्ट्झ वर सरकतो. दोन्ही बाजू सारख्याच कमी करा. १.५ च्या आत आला की थांबा. १.१ साठी दिवसभर गच्चीवर चढ-उतर करणारे लोक असतात, त्यांना त्याचा आनंद होतो, रेडिओला फरक पडत नाही. पिळलेली शेपूट कापू नका. जमीन वाळली की अँटेना थोडा वर सरकतो, तेव्हा ती कामाला येते.

हाच अँटेना २१ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी चालतो. ती फुकटची कमाई.

सांधा पावसापासून वाचवणे

बिघाड बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. बाहेरच्या कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, तिच्यावर काळी पीव्हीसी टेप. गुंडाळायची खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत, म्हणजे घरावरच्या कौलांसारखं पाणी वरून खाली ओघळतं आणि आत शिरत नाही. शेवटचा वेढा ताणू नका, ताणलेलं टोक उन्हात सुटतं. केबल खिडकीतून आत घ्यायच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल. खारी केबल कुरतडतात. त्यांच्या वाटेवरची केबल पीव्हीसी पाईपातून न्या.

खांब, तणावे आणि काळी माती

अंगणात खांब रोवताना काळ्या मातीवर विसंबू नका. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, खांब दरवर्षी थोडा कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा आणि काँक्रीट मुरुमात बसवा. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा, पूर्ण ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात, तोवर ताण देऊ नका.

तणावे तीन, एकमेकांपासून १२० अंशांवर, बुंध्यापासून खांबाच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरावर. नऊ मीटरला सहा मीटर. खांब सरळ आहे का ते गवंड्याचा ओळंबा घेऊन बघा. वायररोप वापरला तर बुलडॉग क्लॅम्पची उलट-सुलट बाजू नीट समजून घ्या: खोगीर ताणाच्या दोरावर, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. पाईपच्या माथ्यावर टोपण बसवा, नाहीतर आत पाणी साठतं आणि गांधीलमाशा बिऱ्हाड करतात.

वीज आणि अर्थिंग

एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात आपल्याकडे विजा पडतात, माणसं-जनावरं दगावतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनवर असू द्या. आभाळ भरून आलं की केबल रेडिओतून काढा आणि कनेक्टर घराबाहेर टाका. काढून टेबलावरच ठेवलेला कनेक्टर विजेला घरात बोलावतो. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायचाच नाही, मग रेडिओ गेला तरी चालेल.

खांबापासून अर्थिंगपर्यंत पट्टी शक्य तितकी सरळ न्या, काटकोनात वळवू नका. केबलची जाळीही (मधल्या तारेभोवतीचं विणलेलं तांब्याचं वेष्टन) घरात शिरायच्या आधी त्याच अर्थिंगला जोडा, आणि ते अर्थिंग घराच्या विजेच्या अर्थिंगशी. खाली काळा पाषाण लागला की रॉड ठोकून जात नाही. तिथे खड्डा खणून बेंटोनाइट किंवा कोळसा-मीठ भरा आणि मे महिन्यात त्यात पाणी ओता. आवारात कोरडी पडलेली बोअर असेल आणि केसिंग लोखंडी असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून तिचं अर्थिंग मोजून घ्या. पाणी नाही दिलं तरी एवढं काम ती करू शकते.

टॉवर घ्यायचाच असेल तर

भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ९३ किलोचा दाब येतो. अर्धा चौरस मीटर वारा अडवणारा बीम (एकाच दिशेला रोखलेला) अँटेना असेल तर माथ्यावर शेहेचाळीस किलो आडवा जोर, शिवाय टॉवरचा स्वतःचा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरला करू द्या. गावातला वेल्डर जोड उत्तम मारेल, पण पाया किती खोल हवा हे त्याला विचारू नका.

वेल्डिंगआधी जीआयवरचा जस्ताचा थर ग्राइंडरनं काढायला सांगा. जस्ताच्या धुरानं वेल्डरला ताप भरतो. जोडावर नंतर झिंक पेंट मारा, गंज तिथूनच सुरू होतो. शक्य असेल तर बुंध्याशी बिजागरी असलेला, आडवा करता येणारा टॉवर घ्या. चढायचंच असेल तर पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन हूक: एक सोडण्याआधी दुसरा अडकलेला हवा. कमरेला दोरी बांधून चढणं बंद. खाली एक माणूस हवा, आणि तोही टॉवरच्या बुंध्याशी नाही, पान्हा पडेल तिथून लांब.

देखभाल

वर्षातून दोनदा: पाडव्यानंतर वळवाच्या आधी, आणि दसऱ्यानंतर. पहिल्या वेळी दोऱ्या, तणाव्यांचे क्लॅम्प आणि टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचे स्क्रू) बघा. दुसऱ्या वेळी टेप, गंज आणि अर्थिंगचे नटबोल्ट. संक्रांतीनंतर तारेत अडकलेला मांजा काढा, तोही जमिनीवरून बांबूनं.

बँडवर खरखर वाढली तर लाईट गेल्यावर ऐका. मेन स्विच पाडून फरक पडला तर दोष घरात आहे, गावाची लाईट गेल्यावर पडला तर बाहेर: सोलरचा इन्व्हर्टर, मोटारीचा स्टार्टर किंवा लाईनवरचा तडकलेला इन्सुलेटर. भारनियमनात शांत झालेला बँड ज्यानं एकदा ऐकला, तो भारनियमनाला शिव्या देताना जरा अडखळतो. १०० वॉटचा रेडिओ प्रसारणाला वीसेक अँपिअर ओढतो, तेवढी १२ व्होल्टची बॅटरी जवळ ठेवा.

एसडब्ल्यूआर अचानक चढला तर वर चढण्याआधी खालूनच तपासा. केबल रेडिओतून काढून मल्टीमीटरनं मधली तार आणि जाळी यांच्यातला रोध मोजा. या अँटेनाला तो अनंत दिसायला हवा. पावसाळ्यात तिथे काही हजार ओम दिसले तर पाणी शिरलंय. कनेक्टर कापून बघा, जाळी काळी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. दोन-तीन मीटर कापूनही काळीच निघाली तर अख्खी केबल बदला, आणि जुनी भंगारात घाला. ‘शिकण्यापुरती चालेल’ म्हणून एखाद्या नवख्याला देऊ नका.