अंगठा उठला नाही, तर? गावात चर्चा कशी घडवावी

‘तंत्रज्ञान शाप की वरदान’ हा विषय शाळेतल्या निबंधापुरता ठीक आहे. गावच्या वाचनालयात किंवा पारावर चर्चा ठेवायची असेल, तर सर्वांनी हाताळलेली एकच वस्तू निवडावी. बीड, परभणीकडच्या गावांसाठी रेशन दुकानातले ई-पॉस मशीन, म्हणजे बोटाचा ठसा आधारशी जुळवून धान्याची नोंद करणारे यंत्र, मला सर्वांत योग्य वाटते. वर्षानुवर्षे कोयता धरून ऊसतोड कामगारांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीनवर अंगठा उठत नाही. मात्र त्याच मशीनमुळे कोल्हापूर-सांगलीकडे तोडीला गेलेल्या कुटुंबाला तिथल्या दुकानात धान्य उचलता येते आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आपला वाटा गावात घेता येतो. एकाच वस्तूच्या अशा दोन्ही बाजू घरात अनुभवलेली माणसे समोर असली, की कोरडी भाषणे होत नाहीत.

चर्चेपूर्वी नियम वाचून ठेवावेत, नाहीतर निम्मा वेळ ‘असा नियम आहे की नाही’ यातच जातो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय (अतिगरीब) कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क आहे. केवळ अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे.

ज्याचा अंगठा उठत नाही, त्याला सर्वांत आधी बोलू द्यावे आणि मगच दुकानदाराला. दुकानदाराला आरोपीसारखे बसवू नये. मशीनवर नोंद न होता धान्य दिले तर साठ्याचा हिशेब त्याच्या अंगावर येतो, ही त्याची अडचण खरी आहे.

सूत्रसंचालकाचे मुख्य काम म्हणजे विश्वास, सुरक्षितता आणि न्याय हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळू न देणे. कोणी ‘आमचा मशीनवर विश्वास नाही’ म्हणाले, तर अविश्वास नेमका मशीनवर आहे, पावती न देणाऱ्या माणसावर आहे, की कार्डावरून परस्पर नाव कमी करणाऱ्या कार्यालयावर आहे, हे तिथेच विचारून घ्यावे. बहुतेक वेळा मशीन निर्दोष सुटते.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र रेशनच्या बाहेर जातो आणि त्याला भरपूर वेळ द्यावा. गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या बँक मित्राकडे आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. पिन लागत नाही. म्हणूनच ठशांची नक्कल करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडले आहेत. त्यावर उपाय म्हणून आधारचे बायोमेट्रिक लॉक करता येते, परंतु लॉक उघडल्याशिवाय रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. मग स्मार्टफोन नसलेल्या आजीने पैसे सांभाळावेत की धान्य, आणि लॉक उघडण्यासाठी नातवाच्या हातात फोन द्यावा लागला तर ती सुरक्षित झाली का? या एका प्रश्नात सुरक्षितता आणि न्याय समोरासमोर येतात. मला याचे सोपे उत्तर सापडलेले नाही, त्यामुळे सभेनेही ते घाईने देऊ नये. (फसवणूक झाल्यास १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर तत्काळ फोन करावा, हे मात्र चर्चा न करता फळ्यावर लिहून ठेवावे.)

शेवटी मागणी ठरवताना ‘जनजागृती व्हावी’ असली वाक्ये खोडून टाकावीत. अंगठा न उठलेल्यांची नावे व तारीख लिहिणारी वही दुकानात असावी, त्या दिवशी धान्य कोणत्या पद्धतीने दिले याची त्यात नोंद व्हावी, आणि कायद्यात सांगितलेल्या दुकान पातळीवरील दक्षता समितीने ती दरमहा तपासावी, एवढे नेमके लिहावे. चर्चा १ मेच्या ग्रामसभेच्या चार दिवस आधी ठेवावी, कारण तोवर ऊसतोडीच्या बहुतेक टोळ्या गावी परतलेल्या असतात आणि ठराव मांडायला ज्यांचे अंगठे उठत नाहीत तेच हजर राहू शकतात.